अंगण आणि वर्ग : प्राथमिक शिक्षकाच्या पूर्वतयारीत बाल्य व कुटुंब यांच्या अभ्यासाचे स्थान

१

प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी कशाचा अभ्यास केलेला असावा, या प्रश्नाला आपल्याकडे सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. शिकवावयाचा विषय आणि तो शिकविण्याची पद्धती, हे पहिले उत्तर. शिकणारे मूल, हे दुसरे. पहिल्या उत्तरातून पाठटाचणे व सराव पाठ जन्मास आले. दुसऱ्यातून बालमानसशास्त्राची प्रश्नपत्रिका जन्मास आली. तिसरेही एक उत्तर संभवते. मूल ज्या घरातून शाळेत येते ते घर, त्यातील माणसे, त्यांचे श्रम, त्यांचे परस्परांशी होणारे बोलणे आणि मूल वाढविण्याच्या कामी त्यांना एकमेकांचा असलेला आधार, हे ते उत्तर होय. आपल्याकडील काही थोर शिक्षकांनी ते आचरून दाखविले आहे. तथापि जे आचरणात आले ते शास्त्रात आलेच असे नाही. आणि शास्त्रात न आलेली गोष्ट आचरणाऱ्यांच्या पश्चात टिकत नाही, हा शिक्षणाच्या इतिहासातील नेहमीचा अनुभव आहे.

प्रश्न केवळ अभ्यासक्रमाच्या मांडणीचा नाही. पहिलीच्या वर्गातील अगदी सामान्य प्रसंग घ्यावा. शिक्षिका भिंतीवरील चित्राकडे बोट दाखवून विचारते, ‘‘हे काय आहे?’’ चित्रात गाय आहे. समोरचे मूल रोज गाईच्या सहवासात वाढलेले आहे. तरी ते उत्तर देत नाही. प्रश्न पुन्हा विचारला जातो, मूल खाली पाहते, आणि पुढे त्याच्याविषयी ‘अबोल’, ‘बुजरे’, ‘घरी कोणी लक्ष देत नाही’ अशा प्रकारची नोंद होते. नोंद करणारी शिक्षिका निष्काळजी नसते. पुष्कळदा ती कळकळीचीच असते. परंतु ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला दिसतच आहे असा प्रश्न त्या मुलाला घरी कधी कोणी विचारला होता काय, हे तिला कोणी शिकविलेले नसते. एका नोंदीने मुलाची बुद्धी आणि त्याचे घर या दोहोंवर एकदमच शिक्का बसतो. तो पुसण्यास कित्येकदा प्राथमिक शाळेची सारी वर्षेही पुरत नाहीत.

हा शिक्का टळावयाचा असेल तर घराचा अभ्यास शिक्षकाच्या पूर्वतयारीत यावयास हवा. आणि तो घरातील उणिवांची यादी म्हणून न येता घराच्या व्यवहाराचा व विशेषतः त्याच्या भाषाव्यवहाराचा अभ्यास म्हणून यावयास हवा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाड येथील कार्य आणि शर्ली ब्राइस हीथ यांचा ‘वेज विथ वर्ड्स’ हा ग्रंथ यांचा विचार करून, अखेरीस आजच्या प्रशिक्षणाकडे वळणे इष्ट ठरेल.

२

आरंभी या क्षेत्रातील काही शब्दांकडे पाहणे उपयुक्त होईल. कारण संस्थांची दिशा त्यांच्या नावांत पुष्कळदा स्वच्छ उमटलेली असते.

गिजुभाईंनी १९२० साली भावनगर येथे जी संस्था उभी केली तिचे नाव ‘बालमंदिर’. समासाचे पूर्वपद मूल आणि उत्तरपद मंदिर. मंदिर ही जाण्याची जागा आहे. तेथे जाताना माणूस घर मागे ठेवतो, पायांतील वहाणाही बाहेर ठेवतो. ‘बालवाडी’ या शब्दात उत्तरपद बदलले. वाडी ही वस्तीही असते आणि कुंपणातील बागही; पूजेची भावना जाऊन राहण्याची व वाढण्याची भावना आली. ताराबाईंनी घडविलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दात तर पूर्वपदही बदलले आणि मुलाच्या जागी अंगण आले. अंगण हा घराचाच भाग असतो. परंतु शेजारचे मूल, वाटसरू, कोंबडी, वाळवण या सर्वांना तो मोकळा असतो. घर आणि गाव यांच्या सीमेवरील ही जागा शिक्षणाच्या नावात प्रथमपद म्हणून यावी, ही मराठी शिक्षणविचारातील लहान घटना नव्हे. मंदिराकडून वाडीकडे आणि वाडीकडून अंगणाकडे असा हा प्रवास म्हणजे शाळेने घराकडे टाकलेल्या पावलांचा जणू आलेखच होय.

याउलट ‘पालक’ हा शब्द पाहावा. ‘पाल्’ म्हणजे रक्षण करणे या धातूवरून तो आला आहे. त्यात रक्ताचे नाते नाही, घर नाही, चूल नाही. रक्षणाची जबाबदारी तेवढी आहे. म्हणूनच आज जिल्ह्याच्या मंत्र्यालाही ‘पालकमंत्री’ म्हणणे मराठीस खटकत नाही. शाळेच्या नोंदवहीत पालक म्हणजे एक नाव व एक सही. मुलाला प्रत्यक्ष सांभाळणारी आजी, त्याला काखोटीला मारून हिंडणारी थोरली बहीण, मजुरीवर जाताना त्याला ज्यांच्या हवाली केले जाते ते शेजारी, ही सारी माणसे या शब्दाच्या बाहेर राहतात. ‘घरचे’ हा बोलीतील साधा शब्द या सर्वांना सामावून घेतो. परंतु तो कोणत्याही छापील अर्जावर आढळत नाही. कुटुंबाचा आधार म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्याचा बराचसा भार ज्या माणसांवर असतो, त्यांच्यासाठी शाळेच्या भाषेत शब्दच नसावा, हे सूचक आहे.

३

गिजुभाईंचे उदाहरण या विषयाला विशेष समर्पक आहे, कारण त्यांनी शिक्षक होण्यापूर्वी बाल्याचा अभ्यास केला तो आपल्या घरी. ते वकिली करीत होते. १९१३ साली मुलगा झाला. त्याला कसे वाढवावे या विवंचनेतून ते माँटेसरीच्या विचारापर्यंत पोहोचले आणि १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. घरातील एका मुलाचे निरीक्षण हेच त्यांचे पहिले अध्यापक विद्यालय होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३०च्या दशकाच्या आरंभी गुजरातीतून प्रसिद्ध झालेल्या ‘दिवास्वप्न’ या कथारूप ग्रंथात मात्र या घरगुती अभ्यासाचे स्थान विलक्षण मर्यादित आहे. कथेतील शिक्षक लक्ष्मीराम शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा एक वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो आणि वर्षभरात गोष्टी, खेळ, वाचनालय, निरीक्षण यांच्या बळावर त्या वर्गाचा कायापालट करतो. या ग्रंथाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. शिक्षा आणि घोकंपट्टी यांच्या विरोधात इतका प्रसन्न आणि इतका वाचनीय युक्तिवाद आपल्या भाषांत क्वचितच झाला असेल. शिवाय लक्ष्मीराम ज्या साधनाने वर्ग जिंकतो ते साधन, म्हणजे गोष्ट, मूलतः घरचे आहे. लोककथेच्या रूपाने त्याने घराची वाणी वर्गात आणली, हे त्याचे मोठे श्रेय होय.

परंतु वाणी आत आली आणि घरची माणसे दाराबाहेर राहिली. लक्ष्मीराम पालकांची सभा बोलावतो तेव्हा निमंत्रितांपैकी फार थोडे येतात. हा प्रसंग कथेत पालकांच्या उदासीनतेचा पुरावा म्हणून येतो. ते का आले नसावेत, हा प्रश्न प्रयोगशील लक्ष्मीरामाला प्रयोगाचा विषय वाटत नाही. मुलांच्या मळलेल्या टोप्या आणि वाढलेली नखे त्याला दिसतात, आणि दिसावयास हवीतच. पण त्यांच्यामागील घर त्याला दिसते ते केवळ उणीव म्हणून. येथे ग्रंथकाराच्या आयुष्यात आणि ग्रंथात एक अंतर पडले आहे. आपल्या मुलाचे निरीक्षण करताना गिजुभाई पिता होते. घर त्यांना आतून दिसत होते. लक्ष्मीराम हा केवळ शिक्षक आहे, आणि इतरांची घरे त्याला वर्गाच्या खिडकीतून दिसतात. आपल्या घरातील बाल्याचा अभ्यास परक्या घरातील बाल्याच्या अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही, हा या ग्रंथाने नकळत दिलेला धडा आहे.

४

ती उणीव भरून निघाली बोर्डी येथे. गिजुभाईंच्या सहवासात तयार झालेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९१० साली जन्मलेल्या, बालवयातच विवाह आणि वैधव्य या दोहोंतून गेलेल्या आणि शिक्षिका म्हणून पुण्यात अनेक वर्षे काम केलेल्या अनुताईंचे पुढील सारे आयुष्य याच कार्यात गेले. त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन या कार्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

शहरातील बालशिक्षणाची कल्पना खेड्यात आणताना जी अडचण आली ती शिक्षणशास्त्राची नव्हती, घरांच्या रचनेची होती. मध्यवर्ती बालवाडीत गावातील दलित व आदिवासी वस्त्यांमधील मुले येत ना. तेव्हा मुले आणण्याचा आग्रह सोडून बालवाडीच त्या वस्त्यांच्या अंगणात गेली. माँटेसरीची महाग साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तू आल्या. काटकसर म्हणून या बदलाची स्तुती पुष्कळ झाली आहे. परंतु त्याचा खरा अर्थ निराळा आहे. शिंपला हाताळणाऱ्या मुलाला त्या वस्तूचे घरातील नाव, उपयोग आणि आठवण ही सर्व आधीच ठाऊक असतात. साधन बदलले तेव्हा ज्ञानाचा काही भाग घरच्यांकडे परत गेला.

पुढे १९५०च्या दशकात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले, आणि तेथे कुटुंबाच्या अभ्यासातून शाळेचे रूप कसे ठरते याची दोन नमुनेदार उदाहरणे घडली. प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे. सर्वसामान्य शिक्षकाने या वस्तुस्थितीची नोंद ‘अनुपस्थिती’ अशी केली असती. कोसबाडने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ निर्माण केली. मुलगी भावंडाला घेऊनच शाळेत येऊ लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द जन्मास आला. दोन्ही ठिकाणी पद्धत एकच आहे. मुलाचे घरातील काम हा शिक्षणातील अडथळा न मानता ते कुटुंबाच्या आधारव्यवस्थेचा भाग आहे असे प्रथम समजून घ्यावयाचे, आणि मग शाळेने आपला आकार त्याप्रमाणे बदलावयाचा.

या कार्याविषयी आदर बाळगूनही त्याच्या दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, कुरणशाळेने गुराख्याचे श्रम समजून घेतले. परंतु ती गुरे कोणाची आणि त्या श्रमांचा मोबदला काय, हा प्रश्न शाळेच्या कक्षेत बसणारा नव्हता. तो प्रश्न त्याच सुमारास आणि त्याच पट्ट्यात वारली समाजाने स्वतः उभा केला. १९४५च्या मे महिन्यात झरी येथे भरलेल्या परिषदेपासून वेठबिगारीविरुद्धचा जो लढा पसरला त्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. त्यातील ‘लग्नगडी’ या प्रथेचे वर्णन बालशिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. लग्नासाठी कर्ज घेतलेला तरुण ते फेडण्यासाठी पत्नीसह सावकाराचा गडी होई. म्हणजे कुटुंबाचा पायाच दास्यावर रचला जाई. अशा घरात मुलाला आधार मिळतो की नाही, असे विचारण्यापूर्वी त्या घराला कोणाचा आधार होता, असे विचारावे लागते. शिक्षणाचा आणि चळवळीचा असे हे दोन ग्रंथ आपल्याकडे वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने ते एकत्र वाचले पाहिजेत.

दुसरी मर्यादा भाषेची. बोर्डी-कोसबाडच्या परंपरेचा मुख्य रोख आरोग्य, दिनक्रम, साधने आणि मुलांचा आनंद यांवर होता. घरात कोण कोणाशी केव्हा आणि कशासाठी बोलते, याची पद्धतशीर नोंद करणे हे तिचे उद्दिष्ट नव्हते. त्या कामासाठी निराळी शिस्त लागते, आणि तिचा उत्तम नमुना पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर, अमेरिकेत जावे लागते.

५

अमेरिकेच्या कॅरोलायना राज्यांतील कापडगिरण्यांच्या पट्ट्यात शर्ली ब्राइस हीथ यांनी १९६९ ते १९७८ या काळात जे निरीक्षण केले ते १९८३ साली ‘वेज विथ वर्ड्स’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले. त्याची पार्श्वभूमी लक्षात घ्यावयास हवी. इंग्लंडमध्ये बेसिल बर्नस्टाइन यांनी श्रमिक वर्गाच्या व मध्यमवर्गाच्या भाषिक संकेतांत भेद केला होता. त्याचा सोयीस्कर अर्थ असा लावला गेला की, गरीब घरातील मुलाला भाषाच अपुरी मिळते. बर्नस्टाइन यांनी स्वतः १९७० साली ‘भरपाईच्या शिक्षणा’ची कल्पना नाकारली, आणि विल्यम लबॉव यांनी १९६९ साली अप्रमाण इंग्रजीची तर्कशुद्धता सोदाहरण दाखवून दिली. तरीही ‘भाषिक दारिद्र्य’ हा शब्दप्रयोग शिक्षकांच्या बोलण्यातून गेला नाही. हीथ यांनी वाद न घालता घरे पाहिली.

त्यांनी ट्रॅक्टन व रोडव्हिल या टोपणनावांनी दोन श्रमिक वस्त्यांचे वर्णन केले आहे. पहिली कृष्णवर्णीयांची, दुसरी गौरवर्णीयांची. रोडव्हिलमध्ये आईबाप बाळाला चित्रांचे पुस्तक दाखवून वस्तूंची नावे विचारतात. गोष्ट खरी असावी आणि तिने बोध द्यावा, अशी तेथील अपेक्षा. ट्रॅक्टनमध्ये बाळाला उद्देशून मुद्दाम बोलण्याची रीत नाही. ते सतत कोणाच्या तरी मांडीवर, मोठ्यांच्या बोलण्याच्या मध्यभागी असते आणि बोलण्यात शिरण्याची जागा स्वतः शोधते. त्याला ‘हे काय आहे’ असे न विचारता ‘हे कशासारखे आहे’ असे विचारले जाते. आणि गोष्ट रंगवून सांगणारा तेथे वाखाणला जातो. शाळेत रोडव्हिलची मुले आरंभी चमकतात आणि कल्पनेने लिहावयाची वेळ आली की मागे पडतात. ट्रॅक्टनची मुले आरंभीच अडखळतात. सादृश्य ओळखण्याची त्यांची शक्ती शाळेला ज्या इयत्तेत हवी असते, त्या इयत्तेपर्यंत पोहोचण्याचा त्यांचा उत्साहच उरलेला नसतो. दोन्ही घरांत भाषा भरपूर आहे. शाळेच्या अपेक्षांशी तिचा मेळ मात्र निरनिराळ्या ठिकाणी तुटतो.

ज्याला येथे ‘ज्ञातोत्तर प्रश्न’ म्हणता येईल, म्हणजे ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असते असा प्रश्न, तो सार्वत्रिक नसून काही घरांची रीत आहे, हा या ग्रंथाचा शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निष्कर्ष होय. आरंभी उल्लेखिलेल्या मुलाच्या मौनाचे एक संभाव्य स्पष्टीकरण येथे मिळते. गाय समोर दिसत असताना ‘हे काय आहे’ असे विचारणाऱ्या मोठ्या माणसाचा हेतू काय असावा, हेच त्याला उमगलेले नसेल.

हीथ यांनी अप्रत्यक्ष आज्ञेकडेही लक्ष वेधले आहे, आणि मराठी वर्गाला तो मुद्दा तंतोतंत लागू पडतो. ‘‘पुस्तकं कुठं ठेवायची असतात?’’ असे शिक्षिका विचारते तेव्हा तिला माहिती नको असते; पुस्तके उचलली जावीत अशी तिची इच्छा असते. ‘‘आपण आता शांत बसणार ना?’’ या वाक्यात श्रोत्यासह बोलणाऱ्याचा समावेश करणारे ‘आपण’ आणि भविष्यकाळ यांच्या आड एक आज्ञा दडलेली असते. ज्या घरात ‘‘पुस्तक उचल’’, ‘‘गप बस’’ असे सरळ आज्ञार्थाने बोलले जाते त्या घरातील मूल पहिल्या वाक्याला प्रश्न समजते आणि दुसऱ्याला भाकीत. आज्ञा न पाळल्याचा ठपका त्याच्यावर येतो; वस्तुतः त्याने आज्ञा ऐकलेलीच नसते. गोष्टींबाबतही मराठी घरांत असे भेद असण्याचा पुष्कळ संभव आहे. व्रताची कहाणी ठरलेल्या शब्दांत वाचली जाते, आणि तेथे शब्द बदलणे हा दोष ठरतो. बाजाराहून आलेल्या माणसाचा वृत्तान्त मात्र रंगविला नाही तर ऐकणारेच कंटाळतात. कोणत्या घरात मुलाच्या कानावर काय अधिक पडते, याचा शोध प्रत्यक्ष निरीक्षणानेच लागेल. कॅरोलायनाचे निष्कर्ष उचलून डहाणूवर किंवा धारावीवर चिकटविणे ही नवी चूक होईल. घ्यावयाची ती रीत, निष्कर्ष नव्हेत.

ग्रंथाचा उत्तरार्ध तर प्रस्तुत विषयाचा गाभाच आहे. हीथ शिक्षकांना शिकवीत होत्या; त्या शिक्षकांनी स्वतः वस्त्यांमधील व आपल्या घरांतील बोलण्याच्या नोंदी केल्या आणि आपले प्रश्न बदलले. एका विज्ञानवर्गातील मुलांनी आपल्या भागातील शेतकऱ्यांचे पिकांविषयीचे ज्ञान गोळा करून त्याची शास्त्रीय ज्ञानाशी तुलना केली. मुलेच घराची अभ्यासक झाली. या ग्रंथावर काही समीक्षकांनी घेतलेला आक्षेपही मान्य केला पाहिजे: वंशभेद आणि सत्ता यांचा विचार त्यात पुरेसा नाही. कोसबाडच्या संदर्भात वर केलेलीच ही तक्रार आहे. आणि उपसंहारात लेखिकेनेच प्रांजळपणे नोंदविले आहे की, पुढे चाचण्यांचा व प्रशासनाचा दाब वाढला तसे हे सारे प्रयोग वर्गांतून बहुतांशी नाहीसे झाले. व्यक्तींच्या उत्साहावर उभे असलेले काम व्यवस्थेच्या आधाराशिवाय टिकत नाही, हा दाखला येथेही मिळतो.

६

आता आजच्या प्रशिक्षणाकडे वळावे. बाल्याच्या अभ्यासाला स्थान नाही, असे आज म्हणता येणार नाही. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली सुरू केलेल्या चार वर्षांच्या प्राथमिक शिक्षण पदवीक्रमात बालविकासाच्या अभ्यासाबरोबर मुलांचे निरीक्षण हे स्वतंत्र प्रात्यक्षिक होते, आणि शाळेतील दीर्घ अनुभव त्यानंतर, चौथ्या वर्षी येत असे. २००९च्या शिक्षक-शिक्षण आराखड्यानेही बाल्याच्या अभ्यासाचा आग्रह धरला. प्राथमिक शिक्षकांच्या दोन वर्षांच्या पदविकेसाठी २०१४ साली जे मानदंड ठरले त्यांत शाळेतील आंतरवासितेसाठी २० आठवडे राखून ठेवण्यात आले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु २० आठवडे शाळेसाठी असताना घरासाठी असा एकही आठवडा स्वतंत्रपणे राखलेला नाही. भावी शिक्षक मुलाला पाहतो ते शाळेतच. म्हणजे ज्या ठिकाणी मूल कमीत कमी स्वाभाविक असते त्या ठिकाणी.

कायद्याच्या भाषेतही हीच दिशा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ अन्वये शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्यावयाच्या आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना द्यावयाची आहे. माहिती शिक्षकाकडून पालकाकडे जाते. पालकाकडून शिक्षकाकडे काही यावयाचे असते, असे या वाक्याला माहीत नाही. कलम २१ने शालेय व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी तरतूद केली हे खरे. पण तेथे पालक येतो तो व्यवस्थापक म्हणून, मुलाच्या भाषेचा आणि सवयींचा जाणकार म्हणून नव्हे.

‘अंगणवाडी’ या शब्दाचे पुढे काय झाले, हेही येथे पाहण्याजोगे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने हा शब्द स्वीकारला आणि तो भारतभर पोहोचविला. पोषण व आरोग्य या बाबतींत या योजनेचे कार्य मोठे आहे, आणि अंगणवाडी सेविका आपल्या कामाचा भाग म्हणून गृहभेटीही देत आल्या आहेत. तथापि शब्दाची दिशा उलटली. जी शाळा अंगणात जात होती तिचे नाव आता एका खोलीला मिळाले, आणि मूल अंगण सोडून ‘अंगणवाडीत’ जाऊ लागले. त्यातही विपर्यास असा की, मुलाच्या घराचे जे ज्ञान सेविकेपाशी साठते ते पहिलीच्या शिक्षकापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी नित्यक्रमात कोणावर आहे, हे स्पष्ट नसते. मूल एका दारातून दुसऱ्या दारात जाते. त्याची ओळख मागेच राहते.

७

घराच्या अभ्यासावर दोन आक्षेप संभवतात. एक, अशा अभ्यासाच्या नावाखाली शिक्षक गरिबांच्या घरात पाहणी करणारा अधिकारी होऊन बसेल. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय असा की, अभ्यासाचा आरंभ भावी शिक्षकाने आपल्याच घरापासून करावा. आपल्या घरात मुलांना कोणते प्रश्न विचारले जातात, आज्ञा कशी दिली जाते, गोष्ट कोण सांगते, यांची नोंद त्याने प्रथम करावी. आपली रीत ही एक रीत आहे, नियम नव्हे, हे ज्याला उमगले तोच परक्या घरात नम्रपणे बसू शकतो. दुसरा आक्षेप असा की, घराविषयी इतका आदर बाळगल्यास प्रमाण भाषा व पुस्तकी ज्ञान यांपासून मुले वंचित राहतील. कोसबाडचा अनुभव याच्या उलट आहे. भावंडाला घेऊन येण्याची मुभा मिळालेली मुलगी शाळेत आली, आणि आल्यामुळेच तिला पुस्तक मिळाले. शाळेच्या रीती मुलाला शिकविल्याच पाहिजेत. मात्र त्या रीती आहेत हे जाणून, उघडपणे शिकविल्या पाहिजेत. ज्ञातोत्तर प्रश्न हा शाळेतला एक खेळ आहे, असे समजावून सांगितले की मूल तो खेळ लवकरच शिकते.

तेव्हा मागणी लहानशी आहे. पाठटाचण लिहिण्यापूर्वी प्रत्येक भावी शिक्षकाने एका मुलाच्या घरच्यांच्या संमतीने आणि सोयीने काही आठवडे त्या घराशी परिचय ठेवावा. घरातील श्रमांची वाटणी, सांभाळणारी माणसे आणि बोलण्याच्या रीती यांची नोंद करावी. आणि ती नोंद गुणवारीसाठी नव्हे, तर आपल्या पहिल्या वर्गातील पहिल्या प्रश्नांची तयारी म्हणून वापरावी. भाषाशास्त्राच्या विभागांनी या नोंदींची पद्धत अध्यापक विद्यालयांना उपलब्ध करून देणे हे त्यांच्या अभ्यासविषयाचेच काम आहे; बोलींचे शब्दसंग्रह जमविताना बोलण्याच्या प्रसंगांकडे झालेले दुर्लक्ष त्यामुळे काही अंशी भरून येईल.

ताराबाईंनी अंगणाला शाळेच्या नावात पहिले स्थान दिले. त्या नावाचा अर्थ राखावयाचा असेल तर इमारतींची संख्या मोजून भागणार नाही. मुलाच्या अंगणात काही काळ बसून आल्याखेरीज कोणीही त्याच्या वर्गात शिक्षक म्हणून उभा राहू नये, इतका तरी दंडक आपल्या प्रशिक्षणाने स्वीकारला पाहिजे. तोवर गाईच्या चित्रासमोर गप्प राहिलेल्या मुलाविषयी आपण जी नोंद करू ती त्याच्या अज्ञानाची नसून आपल्या अज्ञानाची असेल.